तीन नखं, तीन शिलिंग

परवा शनिवारी बंड्याची नखं कापताना माझ्या हातून रक्त निघालं. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. जात विचाराल तर शुद्ध कोथरूड. :-) नखाच्या आत एक शीर असते आणि तिच्या अलीकडेच कापायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते तरी. बंड्याची नखं मात्र काळी कुळकुळीत. सात नखं नीट झाली, शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला कोड टाकणाऱ्या माणसाला येतो तसला आत्मविश्वास मला आला, आणि आठव्याला कचकन! बंड्या असा केकाटला की खालच्या काकू जिना चढून वर आल्या. आईने हळद दाबून धरली, रक्त थांबलं. बंड्या पलंगाखाली गेला तो रात्री जेवायलाच बाहेर आला.

अपराधी वाटत होतं म्हणून जालावर नखांबद्दल वाचत बसलो. सुरुवात 'काळ्या नखातली शीर कशी ओळखावी' इथून झाली आणि रात्री दोन वाजता मी तेराव्या शतकातल्या इंग्लंडात होतो. विकांताचं हे असंच होतं.

तर मंडळी, १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. या राजाला आणि त्याच्या वंशजांना हरणांच्या शिकारीचा भयंकर नाद. त्यांनी मोठमोठे मुलूख 'फॉरेस्ट' म्हणून जाहीर केले. फॉरेस्ट म्हणजे जंगलच असं समजू नका. राजाने म्हटलं की ते फॉरेस्ट, मग त्यात गावं, शेतं, माळरानं काहीही असो. एके काळी इंग्लंडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग या कायद्याखाली होता असं इतिहासकार सांगतात. तिथलं हरीण राजाचं. त्याने तुमचं उभं पीक खाल्लं तरी त्याला मारायचं नाही.

आता अडचण अशी की या मुलखात माणसं राहायची आणि त्यांच्याकडे कुत्री होती. चोर होते, लांडगे होते, म्हणजे कुत्र्याशिवाय भागणार नाही. पण राखणीचा दांडगा कुत्रा हरणामागेही धावतो. यावर नॉर्मनांच्या डोक्यातून जो तोडगा निघाला तो वाचून मी उठून पाणी प्यायलो. कुत्रा ठेवा, तो भुंकू दे, दारात बसू दे, फक्त त्याला धावता येता कामा नये. आमच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळं चालू ठेवून एकच फीचर डिसेबल करायचं. दुसऱ्या हेन्रीच्या ११८४ च्या वुडस्टॉकच्या फर्मानात तसा स्पष्ट हुकूम आहे: जिथे जिथे राजाच्या जनावरांना अभय आहे, तिथे मॅस्टिफ कुत्र्यांचे पाय 'कायदेशीर' करून घ्यावेत.

म्हणजे काय करायचं, ते जॉन मॅनवूड नावाच्या वकिलाने १५९८ साली वनकायद्यावरच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. आठ इंच जाडीचा, एक फूट चौरस लाकडी ठोकळा घ्यायचा. त्यावर कुत्र्याचा पुढचा पाय ठेवायचा. तीन नखांवर दोन इंच रुंद पात्याची छिन्नी धरायची आणि मोगरीच्या एका घावात ती उडवायची. एका घावात! मापं अशी दिली आहेत की सुताराला स्टुलाची ऑर्डर देतोय असं वाटावं.

सगळ्याच कुत्र्यांवर ही वेळ यायची नाही. ग्रेहाऊंड परवानगीशिवाय पाळायचाच नाही, आणि अगदी लहान कुत्र्यांना सूट. पण लहान म्हणजे किती लहान? न्यू फॉरेस्टमधल्या लिंडहर्स्ट गावात वनाधिकाऱ्यांच्या जुन्या कचेरीत एक भलीमोठी लोखंडी रिकीब टांगलेली आहे. कुत्रा तिच्यातून पार झाला तर सुटला, अडकला तर ठोकळा, अशी तिची कथा सांगतात. विल्यमचा मुलगा रूफस ११०० साली त्याच जंगलात शिकार करताना बाण लागून मेला, म्हणून ही 'रूफसची रिकीब'. गोष्ट झकास आहे, पण रिकीब निघाली ट्यूडर काळातली, म्हणजे रूफसनंतर चारेकशे वर्षांनी घडवलेली. आपल्याकडे कशी प्रत्येक जुन्या तलवारीला थोरामोठ्याचं नाव चिकटतं, तसंच.

याहून भारी प्रकार म्हणजे कन्यूट राजाच्या नावावरचा वनकायदा. हा कन्यूट विल्यमच्या आधीचा. त्याच्या नावाने फिरणाऱ्या कायद्यात कुत्र्यांचे पाय निकामी करण्याचं कलम आहे, म्हणजे ही चाल नॉर्मनांनी आणली नाही, आधीपासूनच होती! पुढे अभ्यासकांनी सिद्ध केलं की ते सगळं बाराव्या शतकात रचलेलं बनावट आहे. जाच नवा असला की त्याला जुनी तारीख घालायची. हे काम करणाऱ्याला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटमध्ये सहज नोकरी मिळाली असती.

असो. लोक कंटाळले होतेच. १२१५ चा मॅग्ना कार्टा आपण शाळेत घोकलेला असतो. त्याचं एक धाकटं भावंड आहे, ६ नोव्हेंबर १२१७ चा 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट'. (मोठ्या सनदेला 'मॅग्ना' म्हणायला लागले तेच मुळी या धाकटीपासून वेगळं ओळखता यावं म्हणून.) तिसरा हेन्री तेव्हा दहा वर्षांचा, कारभार विल्यम मार्शल बघायचा. या सनदेचं सहावं कलम सगळंच्या सगळं कुत्र्यांच्या पायांबद्दल आहे. तपासणी तीन वर्षांतून एकदाच होईल, तीही सभ्य माणसांच्या साक्षीने. ज्याचा कुत्रा धडधाकट सापडेल त्याला दंड तीन शिलिंग. आणि यापुढे दंडापोटी कुणाचा बैल नेला जाणार नाही!

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. 'यापुढे नेणार नाही' याचा अर्थ तोवर नेत होते. कुत्र्याच्या तीन नखांपायी गोठ्यातला बैल. तीन शिलिंग म्हणजे छत्तीस पेन्स, आणि त्या काळी मजुराला दिवसाला पेनी-दोन पेनी मिळायची. म्हणजे स्वस्त झालेल्या दंडातही काही आठवड्यांची मजुरी गेली. साहजिकच पुढे त्याचं उत्पन्नाचं साधन झालं. मठवाले आणि बडे जमीनदार राजाकडून माफी मिळवून मोकळे व्हायचे, आणि गरिबाचा कुत्रा लंगडायचा. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'मधला डुकरं राखणारा गर्थ सुरुवातीलाच वनरक्षकाच्या नावाने बोटं मोडतो, ती कुत्र्याच्या कापलेल्या पायावरूनच. शाळेत मराठी संक्षिप्त आवृत्ती वाचली होती, त्यात हे कुठे होतं कोण जाणे.

पण मला खरी खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. इंग्रजी भाषांतरांत कुठे 'नखं' लिहिलंय, कुठे 'बोटं'. मूळ सनद लॅटिन, आणि तिथे शब्द आहे 'ऑर्टेली'. म्हणजे पायाची बोटं. तळव्याची गादी सोडून पुढच्या पायाची तीन बोटं तोडावीत, असं कलम म्हणतं. दोन इंची छिन्नी आणि मोगरी नखांना लागतच नाही हो, नखांना कात्री पुरते. आणि या प्रकाराचं बोली नाव काय, तर 'लॉइंग'. कुत्र्याला कायद्यात बसवणं.

हे वाचताना मला मिनी आठवली.

२०२२ मध्ये मी वर्षभर डॅलसला ऑनसाइट होतो. रूममेटने शेल्टरमधून एक मांजर आणली, करडी, सात-आठ वर्षांची. तिला दोघांनी मिळून मिनी नाव ठेवलं. मिनी रोज सकाळी सोफ्यापाशी जाऊन पुढचे पाय उंच करून ओरबाडायची. सोफ्यावर ओरखडा मात्र नाही, आवाजही नाही. मला वाटलं, आधीच्या मालकाने नखं फारच बारीक कापली असावीत. वाढतील. दोन महिने मी वाट बघत होतो. मग एकदा शेल्टरचा कागद हाती आला, त्यात लिहिलं होतं 'फ्रंट डिक्लॉड'.

मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते कायमचं घालवायचं तर हाडच काढावं लागतं. पुढच्या दोन पायांची मिळून दहा. आपल्या बोटांचं शेवटचं पेर तोडावं तसं. अमेरिकेत १९४७ मध्ये एड लो नावाच्या माणसाने मांजरांच्या शी-शूसाठी मातीचे दाणे विकायला सुरुवात केली, मांजरं अंगणातून कायमची घरात आली, घरात सोफे होते, आणि पुढच्या काही दशकांत ही शस्त्रक्रिया तिथे सर्रास झाली. हरणांच्या जागी फर्निचर आलं, एवढाच फरक. भाडेकरूच्या मांजरीला नखं नकोत अशी अट घरमालक घालायचे. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये कायदा करून ती बंद केली. वेस्ट हॉलिवूड शहराने शस्त्रक्रियेवरच २००३ साली बंदी घातली, न्यूयॉर्क हे पहिलं राज्य, २०१९ मध्ये. टेक्सासमध्ये मी होतो तेव्हा बंदी नव्हती.

आणि ब्रिटन? तिथे १२१७ ची ती सनद कायद्याच्या पुस्तकातून अधिकृतपणे रद्द व्हायला १९७१ साल उजाडलं. मांजरांची नखं काढायला मात्र तिथे २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याखाली मनाई आहे, आणि सोफा वाचवणं हे कारण म्हणून चालत नाही.

मिनी रूममेटकडेच आहे. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर दिसली, सोफ्याशी तसंच चाललं होतं.

बंड्याचं आठवं नख आता बरं आहे. उरलेली दहा कापायची आहेत. काल नेलकटर शोधायला नुसता ड्रॉवर उघडला, तर हा पलंगाखाली.