कापडावरील नावाची कहाणी



कंपन्यांच्या सदऱ्यांवर नाव भरण्याचे काम आपल्या मंडळाकडे अधूनमधून येत असते. नाव दोऱ्याने भरावे की छापून घ्यावे, हाताने करावे की मशीनवर द्यावे, यावर दर वेळी बोलणे होते. आपण परळकर बायका. कापडावर नाव घालण्याचा उद्योग या वस्तीने शंभराहून अधिक वर्षे पाहिला. त्याची थोडी हकीकत माहीत असली, तर निवड करणे सोपे जाईल.

आपल्याकडे कपड्यावर खूण करण्याची साधी रीत बिब्ब्याची होती. बिब्ब्याच्या रसाला चुना लागला की काळा डाग पडतो, आणि तो कितीही धुतला तरी जात नाही. परीट याच रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करीत. ती खूण आतल्या बाजूस असे. कपडा कोणत्या घरचा हे परटाला कळले, की तिचे काम संपले.

पुढे गिरण्या आल्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतील पहिली कापडगिरणी काढली आणि १८५६ साली ती सुरू झाली. मग परळ, लालबाग, शिवडी, वरळी सारे गिरणगाव झाले. गिरणीतून ताग्याचा माल निघे, तेव्हा त्यावर गिरणीचा छाप मारीत आणि देवादिकांची रंगीत तिकिटे चिकटवीत. गिऱ्हाइकाला अक्षर येत नसले तरी चित्रावरून माल ओळखता येई. १८८९ च्या कायद्याने ताग्यावर त्याची लांबी छापणेही सक्तीचे झाले. पण कापड शिंप्याकडे गेले, की छापाचा भाग कातरीत जाई किंवा शिवणीत दडे. अंगावर सदरा राही, गिरणीचे नाव राहत नसे. आपल्या घरातील साचेवाले ते कापड विणीत, पण त्यांच्या स्वतःच्या छातीवर कोणाचे नाव नव्हते.

नाव छातीवर आले ते निराळ्या वाटेने. रेने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूने १९३३ साली आपल्या सदऱ्यावर दर्शनी बाजूस भरतकामाची सुसर लावून ते सदरे विकायला काढले. मालकाची खूण मिरवण्याची वस्तू झाली. भरतकामाचे यंत्र तर त्याहून जुने आहे. १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली याने शिवणयंत्राच्या धोट्यावरून असे यंत्र बनवले. आज संगणकावर चालणारी मशीन एका वेळी अनेक सदऱ्यांवर तेच नाव काढते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. फिनिक्स गिरणीच्या जागी बाजार झाला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आल्या. त्या दारांवर आज उभ्या असणाऱ्यांत गिरणी कामगारांची मुले-नातवंडेही आहेत. त्यांच्या छातीवर नाव भरलेले असते, ते बहुधा ठेकेदाराचे. काम एका दाराशी, नाव दुसऱ्याचे, आणि नोकरी सुटली की सदरा परत! पूर्वी नाव मालाला होते, आता ते माणसाला आले. म्हणून अशा सदऱ्याचे काम हाती घेताना, तो कोण घालणार याचा विचार आपण आधी करावा.

पातळ कापडावर भरगच्च भरतकाम केले की कापड आक्रसते आणि आतील अस्तर दिवसभर छातीला टोचते. तिथे छोटे नाव भरावे, नाही तर छापून घ्यावे. बनियनच्या जातीचे कापड ताणले जाते, म्हणून त्याला खालून आधार हवाच. इस्पितळातील कपडे गरम पाण्यात व ब्लीचमध्ये धुतात, त्यांना पॉलिएस्टरचा दोरा टिकतो. रेयॉनच्या दोऱ्याला चमक चांगली, पण ब्लीचमध्ये त्याचा रंग उडतो. अक्षर अर्ध्या सेंटिमीटरहून लहान असेल तर टाके एकमेकांत शिरून ते वाचता येत नाही. शेदोनशे सदरे एकसारखे हवे असतील तर मशीनच बरी. दहा-वीस नगांना, किंवा गहू टाका, साखळी टाका असे मुद्दाम मागितलेल्या कामाला आपला हात पुरतो.

आणखी एक गोष्ट. मशीनवाला आपला भाव हजार टाक्यांमागे सांगतो. बाईला मात्र नगामागे पैसे मिळतात, मग नाव चार अक्षरांचे असो की चौदा. यापुढे काम घेताना आधी एक नमुना भरून पाहावा, त्याला लागलेला वेळ आणि टाके वहीत लिहावे, आणि त्यावरूनच दर सांगावा. गिरणीतील साचेवाल्याला आपण किती वार विणले याचा हिशेब मागता येत होता. सुईवाल्या बाईनेही आपला हिशेब मागावा. कापडावर नाव कंपनीचे असले, तरी टाका आपला आहे.