कुंपण आणि अहिंसा : वर्ध्याच्या परसबागेतला एक जुना पेच

सेवाग्रामला बापूकुटी पाहावयास जाणारा बहुतेक जण चरखा, खडावा, चष्मा आणि मातीच्या भिंती पाहून परततो. तेथेच साप धरण्याचा एक लांब लाकडी चिमटा आणि साप ठेवण्याचा पिंजरा जपून ठेवलेला आहे, तो बघ्याच्या नजरेतून सहसा निसटतो. आश्रमाच्या आवारात साप निघाला तर त्याला मारावयाचे नाही, चिमट्याने उचलून पिंजऱ्यात घालावयाचे आणि दूर नेऊन सोडावयाचे, अशी तेथील रीत होती. आम्ही त्या चिमट्यापाशी बराच वेळ उभे राहिलो. ज्यांच्या घरामागे चार वाफे भाजी आहे, त्यांना तो चिमटा पाहून एक प्रश्न पडल्यावाचून राहात नाही. सापाचे ठीक आहे, तो भाजी खात नाही. परंतु जे खाते त्याचे काय करावयाचे?

वर्धा जिल्ह्यात घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. सांडपाण्यावर तेथे वांगी, मिरची, वाल, दोडकी आणि सांभार वाढतो. (कोथिंबिरीला इकडे सांभार म्हणतात, मुंबईकडच्या पाहुण्याची पहिल्या जेवणालाच त्यामुळे फजिती होते.) सांदवाडी म्हणजे गृहिणीचे राज्य, आणि त्या राज्याची सीमा म्हणजे बोराटी. बोरीच्या व बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून आणावयाच्या, एकीत एक गुंतवून कमरेइतकी भिंत रचावयाची, मधूनमधून खुंट ठोकावयाचे आणि आतून वालाचा वेल चढवावयाचा. पावसाळ्यानंतर काटे कुजतात, उरलेले वाळवी खाते, म्हणून हे काम दरसाल नव्याने करावे लागे. शेळी, वासरू, शेजारणीच्या कोंबड्या यांना एवढे पुरत असे. मोठ्या शेतात मचाण बांधून रात्रीची जागल, हाती गोफण आणि वाजवावयास रिकामा डबा. बुजगावणे उभे राही, पण त्याचा धाक पाखरांना चारच दिवस वाटतो, हे ते उभे करणाराही जाणून असतो.

या काट्यांच्या मागे गावाचा एक अलिखित करार होता. पिके निघाली की गावची गुरे मोकळी सुटत आणि उघड्या रानात चरत; पिके उभी असताना मात्र गुरे सांभाळणे मालकाकडे. करार मोडला तर कोंडवाडा. इंग्रज सरकारने 1871 साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाई आणि दंड व चाऱ्याचा खर्च भरून मालक ते सोडवून नेई. कायदा परका असला तरी त्यातील तत्त्व सरळ होते: जनावराने केलेल्या नुकसानीला कोणी तरी माणूस जबाबदार असतो. अडचण एवढीच, की वानराला मालक नाही. रानडुकराला नाही आणि रोह्यालाही नाही. रोही, म्हणजे नीलगाय, कोणाच्या कोंडवाड्यात घालावी?

कुंपणाचेही आपले इतिहास असतात. फड्या निवडुंग अमेरिका खंडातून आपल्याकडे आला, कुंपणासाठी लावला गेला आणि हाताबाहेर जाऊन माळच्या माळ व्यापून बसला. शेवटी त्याच्यावर जगणारा एक किडा 1920 च्या दशकात बाहेरून आणून दक्षिण हिंदुस्थानात सोडण्यात आला, तेव्हा कोठे तो आटोक्यात आला. उपद्रव अडविण्यासाठी लावलेले कुंपण स्वतःच उपद्रव झाले आणि एरवी ज्याला आपण कीड म्हणून चिरडले असते तोच किडा कामी आला. काटेरी तारेचे पेटंट अमेरिकेत 1874 साली ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने घेतले. ती तार पुढे आपल्या गावांतही पोहोचली. पण तारेवर वानर बसते, अडत नाही.

आता वर्ध्याच्या त्या विशेष पेचाकडे वळू. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी प्रथम सेगावला आले. पुढे शेगावच्या नावाशी घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून 1940 साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. वानरांचा प्रश्न मात्र त्यांच्या मनात साबरमतीपासूनच होता. 1928 साली तेथील आश्रमात एका असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मृत्यू दिला आणि देशभर काहूर उठले. त्या वादासंबंधी लिहिताना त्यांनी वानरांचाही विषय काढला. आश्रमाची पिके व फळझाडे वानरे उद्ध्वस्त करीत होती. वासराला मारण्यात त्याच्याच यातना संपविण्याचा हेतू होता. वानराला मारण्यात आपले पीक राखण्याचा स्वार्थ आहे, म्हणून ती हिंसाच ठरेल, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. स्वस्त, व्यवहार्य आणि तरीही अहिंसक असा उपाय आपल्याला सापडलेला नाही, अशी कबुली देऊन त्यांनी वाचकांकडेच उपाय मागितला. जगाला अहिंसा शिकविणारा माणूस भाजीच्या वाफ्यासाठी वर्तमानपत्रातून सल्ला मागतो, याचे काहींना तेव्हा हसू आले असेल. आम्हाला त्यात मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

अठरा वर्षांनी, 1946 साली, 'हरिजन'मध्ये त्यांनी पुन्हा या प्रश्नाला हात घातला. मध्यंतरी बंगालचा दुष्काळ होऊन गेला होता आणि देशात अन्नाची टंचाई होती. आता त्यांची भूमिका कठोर झाली होती. शेती करावयाची तर पीक खाणारी वानरे, पाखरे आणि किडे मारावे लागतील, ही हिंसा अटळ असली तरी ती कमीत कमी असावी. अन्नटंचाईच्या काळात अहिंसेच्या नावाखाली जनावरांना पीक खाऊ देणे हे पाप होय, असे त्यांनी लिहिले. त्याच विवेचनात आणखी एक मुद्दा आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत अवघड आहे. स्वतः मारावयाचे नाही म्हणून दुसऱ्याला कामाला लावले, तर दोहोंत फारसा फरक उरत नाही. म्हणजे बाजारातून निवडक, अळी नसलेली वांगी घेणारा आणि शेतात औषध मारणारा हे एकाच कर्माचे भागीदार ठरतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजी दिल्लीला गेले, ते सेवाग्रामला परतले नाहीत.

याच वर्ध्यात, मगनवाडीत, एक ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ राहात होते. जोसेफ कुमारप्पा मूळचे तंजावरकडचे, शिक्षणाने हिशेबतपासनीस. 1934 च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वाहिले. येशूची शिकवण रोजच्या व्यवहारात कशी उतरावी यावर त्यांनी एक पुस्तक लिहिले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी मानवी व्यवहारांचे प्रकार समजावून सांगण्यासाठी निसर्गातील प्राणी घेतले आहेत. वाघ ज्याच्यावर जगतो त्यालाच संपवितो. माकड झाड लावीत नाही, खतपाणी घालीत नाही, फळे मात्र ओरबाडते. पक्षी स्वतःचे घरटे स्वतः बांधतो, मधमाशी साऱ्या पोळ्यासाठी राबते आणि पिलांना भरविणारी पक्षिणी मोबदल्याची अपेक्षा न धरता सेवा करते. बागेत येणाऱ्या जीवांची ही यादी शेतकऱ्याला नवी नाही. नवे आहे ते हे, की कुमारप्पांनी माणसांनाही त्याच यादीत बसविले. वानराला हाकलणाऱ्याने आपण स्वतः कोणाच्या मळ्यातले वानर आहोत, हेही पाहावे, असाच त्याचा अर्थ होतो. पुढे याच जिल्ह्यात सेलडोह येथे त्यांनी शेतीचे प्रयोग केले. 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, त्यांचे निधन झाले.

किड्यांच्या बाबतीत सांदवाडीने आपला मध्यममार्ग कधीच काढला होता. माव्यावर चुलीची राख भुरभुरावयाची. निंबोळ्या वाळवून कुटावयाच्या. पाच किलो चूर्ण रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी केले की फवारा तयार होतो. त्याने किडे तडकाफडकी मरत नाहीत, खाणे सोडतात व त्यांची वाढ खुंटते. टोमॅटोच्या ओळींशेजारी झेंडू लावला की फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग त्याच्याकडे ओढला जातो. वांग्यातील अळी या सर्वांना पुरून उरते; तेथे किडलेला शेंडा आणि किडके फळ रोज खुडून नष्ट करणे हाच खरा उपाय, आणि तो कंटाळवाणा असल्यामुळे कोणी सांगत नाही.

मोठ्या जनावरांचा प्रश्न आज अधिक बिकट आहे. 2014 साली बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जंगलालगतच्या शेतकऱ्याला रात्री रोही आणि रानडुक्कर एका फेरीत कंगाल करू शकतात. 2015 साली राज्य शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या या दोन प्राण्यांना परवानगीने मारण्याची मुभा दिली; भरपाईचीही योजना आहे. परंतु परवानगी आणि भरपाई कागदावरून येते, डुक्कर अंधारातून येते. म्हणून कोणी कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतो. हा गुन्हा आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात अशाच तारेला लागून एक वाघीण मेली. ब्रह्मपुरीकडून धरून तिला त्याच वर्षी बोरमध्ये सोडण्यात आले होते. अशा तारांनी माणसेही मेली आहेत; रात्री पाणी द्यावयास निघालेला शेजारी तार पाहू शकत नाही. सौर बॅटरीवर चालणारे झटका यंत्र क्षणभराचा धक्का देते, जीव घेत नाही. पण त्याची किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते.

त्यामुळे गावोगाव आता एक निराळेच कुंपण दिसते. जुनी नऊवारी, सहावारी लुगडी खुंटांना बांधून शेताभोवती सलग ताणलेली असतात. वाऱ्याने ती फडफडतात आणि माणसाच्या वासाने जनावर काही दिवस बुजते. दिवसा रस्त्यावरून जाताना लाल, हिरव्या, निळ्या रंगांची ती लांबच लांब भिंत दिसते. घरोघरच्या जुन्या साड्या पुरत नाहीत, म्हणून त्या विकत आणाव्या लागतात. सेलू तालुक्यातील एका शेताशी आम्ही थांबलो, तेव्हा घरची म्हातारी फाटलेल्या काठाला गाठ मारीत होती. डुकरे याने थांबतात का, असे आम्ही विचारले. "यंदा थांबली बाप्पा," ती म्हणाली, "पण पल्याडच्या धुऱ्याकडं गेली. त्याच्याकडं लुगडी नाहीत."