अंबरनाथच्या खाचा आणि रोबोटचा हात

वस्तूभोवती आपणहून फिरून तिचा त्रिमितीय आकार टिपणाऱ्या रोबोटची कुळकथा बहुधा कॅमेऱ्यापासून सांगितली जाते. माझ्या मते तिचे मूळ साचेकामात आहे, आणि पुराव्यासाठी कल्याणच्या पुढे अंबरनाथपर्यंत गेले तरी पुरे. तिथल्या शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख आहे. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या टेरी यांच्या चमूने या मंदिराची पाहणी केली, तेव्हा रेखाटने आणि छायाचित्रे यांवर भागले नाही. कोरीवकामाचे साचेही घ्यावे लागले. कागदावर खोली उतरत नाही. पण खोली साच्यालाही सहजी सापडत नाही. कोपराच्या मागे, हाराच्या खाली दगड आत वळतो. तिथे प्लास्टर शिरून घट्ट झाले की बाहेर निघत नाही. म्हणून साचा तुकड्यांत करायचा, आणि जोड कुठे द्यायचा हे साचेकाराने आकार चाचपून ठरवायचे. गणपतीच्या कारखान्यात सोंडेच्या वळणासाठी रबरी साचा वापरतात, तोही याच कारणाने.

यावर कोणी फ्रान्स्वा विलेमचे नाव घेईल. त्याने १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये माणसाभोवती २४ कॅमेरे मांडून पुतळे घडवले, हे खरेच. पण त्याच्या हाती येत होती ती बाह्यरेषा, आणि कानामागचा खळगा बाह्यरेषेत उमटत नाही. शेवटचा हात शिल्पकारालाच फिरवावा लागे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साचा दगडाला चिकटतो, स्कॅनरचा लेझर किरण त्याला शिवतही नाही. मान्य, जीर्ण वास्तूच्या दृष्टीने हा फरक मोठाच आहे. अडचण मात्र जुनीच राहिली, कारण किरणही खाचेत वळून शिरत नाही. स्टॅनफर्डच्या चमूने १९९९मध्ये फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोचा डेव्हिड स्कॅन केला, तो ४८० वेळा यंत्राचा रोख बदलून, आणि प्रत्येक वेळी तो रोख माणसानेच ठरवला. ते सगळे तुकडे मग एकमेकांना जुळवावे लागले, साच्याचे जुळवतात तसेच. पुढचा रोख यंत्रानेच कसा निवडावा, याची रीत कॉनोली या संशोधकाने १९८५मध्येच मांडली होती. आजचा रोबोट नेमके तेच करतो: न दिसलेला भाग हेरतो, हात तिकडे वळवतो, गरज पडल्यास तबकडीवरची वस्तू फिरवतो. साचेकाराचा निर्णय यंत्राकडे गेला, एवढेच यात नवे.

अंबरनाथचे कोरीवकाम झिजते आहे. ते स्कॅन करायला जो कोणी जाईल, त्याने १८६८ची रेखाटने आणि छायाचित्रे सोबत न्यावीत. दीडशे वर्षांत कोणती खाच बुजली, हे नुसत्या स्कॅनवरून कळणार नाही.