पाठीवर भार घेणारे

बदलापूरजवळच्या चामटोलीतून बाहेर पडताना रूळ, टॉवर, टपऱ्या सगळं मनातून पुसून टाका. शके ९८२ चालू आहे, म्हणजे इ. स. १०६०. बदलापूरची शिवारं ओलांडून तुम्ही वालधुनीच्या काठी पोहोचता, तर टाकीचे घाव कानावर येतात. शिलाहार राजा छित्तराजाने आरंभलेलं शिवालय त्याचा भाऊ मुम्मुणी पूर्णत्वाला नेतो आहे. हेच अंबरनाथ.

भिंतीजवळ जा. काळ्या पाषाणातून आकार बाहेर येताहेत. कुठे कीर्तिमुख डोळे वटारून बसलंय. कुठे मकर: जबडा मगरीचा, नाक सोंडेसारखं वळलेलं, शेपटी उमलून वेलबुट्टी झालेली. पाथरवटाला विचारू नका की असा प्राणी कुठे पाहिलास. त्याला पाण्याची ताकद दगडात धरायची आहे, आणि एका जनावराच्या अंगात ती मावत नाही.

पायऱ्या उतरून गर्भगृहात या. आता दृष्टीला न पडणाऱ्याचा विचार करा. शिल्पशास्त्र सांगतं, देवळाच्या पायात कूर्मशिला बसवावी. मंदार पर्वत पाठीवर घेणारं कासव तळाशी, मकर वर भिंतीवर. आपल्याकडे दोघांची कामं वेगळी.

तसेच पूर्वेला चला, सोंग राजांच्या चीनमध्ये. तिथे कासव आणि मकरासारखाच मिश्र प्राणी असलेला ड्रॅगन एकाच देहात भेटतात. उंच शिलालेख पाठीवर पेलून उभं असलेलं दगडी कासव म्हणजे बीशी. नानजिंगजवळच्या लियांगकालीन समाध्यांपाशी ते सहाव्या शतकापासून उभं आहे. ११०३ साली छापलेल्या ‘यिंगझाओ फाशी’ या बांधकामाच्या ग्रंथात त्याच्या बैठकीचे नियमही येतात. पुढे मिंग काळातले विद्वान त्याला ड्रॅगनच्या नऊ पुत्रांत बसवतात: ओझं वाहण्याची हौस असलेला मुलगा. बीजिंगच्या राजवाड्यात ताइहे सभागृहासमोर ड्रॅगनच्या तोंडाचं कांस्य कासव आहे. त्याच्या पाठीचं झाकण उघडून आत धूप जाळत.

आज परत या. फेंगशुईच्या दुकानात तोंडात नाणं धरलेलं, नाण्यांच्या राशीवर बसलेलं ड्रॅगन-कासव ‘धनलाभासाठी’ मिळतं. मला ते पाहून वाईट वाटतं. शतकानुशतकं दुसऱ्यांची नावं पाठीवर वागवणाऱ्या या प्राण्याला आपण गल्ल्याशेजारी राखणीला बसवलं. घेणार असाल तर जरूर घ्या. पण आधी अंबरनाथच्या भिंतीवरचा मकर निरखून या.