कुलुपाची परीक्षा

कुलूप किती बळकट आहे, हें सांगण्याचा अधिकार कोणाचा? तें घडविणाऱ्या कारागिराचा, विकणाऱ्या व्यापाऱ्याचा, कीं तें उघडूं पाहणाऱ्या परक्याचा? आज बँका आणि सरकारी खातीं आपल्या संगणकव्यवस्थेवर स्वतःच परवानगी देऊन हल्ला करवितात. त्या परीक्षेस ‘पेनिट्रेशन टेस्ट’ म्हणतात. परंतु तिच्या मुळाशीं असलेला वाद संगणकाच्या पुष्कळ आधीं, १८५१ सालीं, लंडन शहरांत रंगला होता.

त्या सालीं तेथें क्रिस्टल पॅलेसमध्यें जगांतील कलाकौशल्याचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. इंग्लंडांत तेव्हां दोन कुलुपांचा विशेष लौकिक होता. पहिलें जोसेफ ब्रामा याचें. त्याचें पेटंट १७८४ सालचें. पिकॅडिलींतील दुकानाच्या दर्शनी खिडकींत तें मांडलेलें असे, आणि जो कोणी तें किल्लीवांचून उघडील, त्यास २०० गिनींचें बक्षीस जाहीर होतें. दुसरें जेरेमाया चब याचें, १८१८ सालचें. त्यांतील एखादी तरफ प्रमाणाबाहेर उचलली गेली, कीं आंतला खटका अडकून बसे आणि धन्याला चोरट्याची वर्दी मिळे.

प्रदर्शनासाठीं अमेरिकेंतून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स नांवाचा कुलुपांचा जाणकार आला होता. त्यानें २२ जुलै रोजीं साक्षीदारांसमक्ष चबचें कुलूप २५ मिनिटांत उघडलें आणि पुढील ७ मिनिटांत पुन्हां लावून दाखविलें. मौज अशी, कीं पहारेकरी म्हणून बसविलेला खटकाच त्याचा वाटाड्या झाला. कोणती तरफ किती उचलावी, हें खटक्याच्या अडकण्यावरूनच उमगे.

ब्रामाच्या कुलुपाची हकीकत अधिक बोधप्रद आहे. प्रथम लेखी करार झाला. तीन मध्यस्थ नेमले गेले, ३० दिवसांची मुदत ठरली, आणि कुलूप फळ्यांमध्यें बसवून मोहोरबंद करण्यांत आलें. मोकळें राहिलें तें किल्लीचें भोंक तेवढें. हॉब्सनें मेणाचे ठसे घेऊन आंतील मापें काढलीं, त्यांवरून हत्यारें घडविलीं, आणि १८ सरकत्या पट्ट्यांचें एकेक रहस्य चिकाटीनें उलगडलें. २३ ऑगस्ट रोजीं कुलूप उघडलें. प्रत्यक्ष काम १६ दिवसांत मिळून ५१ तासांचें होतें. पुढें मूळ किल्ली लावून पाहतां कुलूप पूर्ववत् चालतें, त्यास इजा झालेली नाहीं, याचीही खातरजमा झाली.

कारखानदारांनीं हरकत घेतली. इतका अवधि आणि इतकी मोकळीक कोणत्या चोराला मिळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो अगदींच पोकळ नव्हता. तरी मध्यस्थांनीं निकाल हॉब्सच्या बाजूनें दिला आणि बक्षीस द्यावें लागलें. यापेक्षां मोठी शंका लोकांच्या मनांत उठली: अशा गोष्टी उघड केल्यानें चोरांना धडे मिळत नाहींत काय? हॉब्सच्या १८५३ सालच्या कुलूपविषयक ग्रंथांत याचें उत्तर आहे. चोर आपल्या धंद्यांत आधींच तरबेज असतात. अंधारांत राहतात ते भले लोक.

सव्वाशें वर्षांनंतर हाच प्रश्न संगणकापुढें उभा राहिला. पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनीं अमेरिकन वायुदलासाठीं ‘मल्टिक्स’ या संगणकव्यवस्थेची परीक्षा केली. त्यांच्या १९७४ सालच्या अहवालांत यंत्र, आज्ञावली आणि वापराची रीत या तिन्हींतील उणिवा मांडल्या आहेत. त्यांनीं व्यवस्थेंत एक चोरवाटही ठेवून दाखविली. एकदां शिरलेला मनुष्य पुन्हां कसा येऊं शकतो, हें त्यावरून कळलें.

आजच्या परीक्षेच्या पायऱ्या याच आहेत: लेखी परवानगी आणि मर्यादा, माहितीचा संग्रह, दुबळ्या जागांचा शोध, प्रवेश, तो प्रवेश टिकतो कीं नाहीं याची पाहणी, आणि शेवटीं अहवाल. मधल्या चार पायऱ्या चोरही चढतो. पहिली आणि शेवटची मात्र त्याच्या वाटेवर कधींच येत नाहीं. ब्रामाचें कुलूप कित्येक वर्षें खिडकींत अभंग राहिलें, आणि पाहणाऱ्यांनीं तोच त्याच्या अभेद्यतेचा पुरावा मानला. खरा पुरावा मिळण्यास एका परक्या माणसाला ५१ तास त्याच्यापुढें बसूं द्यावें लागलें.