जुनी मोटरबोट आणि तिची दिशादर्शक यंत्रे

हौसेखातर बाळगलेली मोटरबोट नीट राखली तर तीस-चाळीस वर्षे टिकते. तिच्यावरील दिशादर्शक यंत्रे मात्र त्याआधीच कुचकामी ठरतात, आणि तीही नेहमी बिघडूनच असे नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बोटमालकांनी हे दोनदा अनुभवले. १९८० च्या अखेरीस तेथील लोरान-ए ही रेडिओ यंत्रणा बंद झाली. पुढे ८ फेब्रुवारी २०१० रोजी तटरक्षक दलाने लोरान-सी चे प्रक्षेपणही थांबवले. बोटीवरचा संच धडधाकट होता, पण त्याने ऐकावे असे आकाशात काही उरले नव्हते.

लोरानचे तत्त्व अकरावी-बारावीच्या वर्गात सांगता येण्याजोगे आहे. किनाऱ्यावरची दोन केंद्रे ठरावीक वेळी स्पंद सोडतात. ते बोटीवर किती मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोचतात ते मोजायचे. एका मायक्रोसेकंदात रेडिओलहर सुमारे ३०० मीटर जाते. म्हणजे दोन केंद्रांपासूनच्या अंतरांतील फरक कळला. असा फरक स्थिर असणाऱ्या बिंदूंचा संच म्हणजे अपास्त. केंद्रांच्या दुसऱ्या जोडीने दुसरा अपास्त मिळतो आणि दोघांच्या छेदनबिंदूवर आपण असतो. (आपल्याकडेही धांग्रध्रा, वेरावळ व बिलिमोरा येथील केंद्रांची अशी साखळी होती.)

मासेमारांनी या मायक्रोसेकंदांच्याच वह्या भरल्या होत्या. बुडालेले जहाज, खडक, मासे लागण्याची जागा, सारे काही त्या आकड्यांत. लोरानने दिलेले अक्षांश-रेखांश पाव मैलाने चुकू शकत. पण पूर्वी टिपलेल्या आकड्यांवर परत जायचे तर तो कित्येकदा शंभर मीटरच्या आत नेऊन सोडी. जीपीएस आल्यावरही हे लोक लोरान सोडायला तयार नव्हते, त्याला हट्टीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. नागरी वापराच्या जीपीएस-संदेशात अमेरिकी सरकार तेव्हा मुद्दाम चूक मिसळत असे आणि स्थान १०० मीटरपर्यंत हुकत असे. मे २००० मध्ये ही भेसळ थांबली, तेव्हा मात्र लोरानची बाजू लंगडी पडली.

नवे यंत्र घ्यायचे तर बहुतेक जण पडद्याचा आकार पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा: हे यंत्र बोटीवरील जुन्या यंत्रांशी कोणत्या भाषेत बोलणार? खोलीमापक, स्वयंचलित सुकाणू आणि स्थानदर्शक यांनी एकमेकांना माहिती द्यावी म्हणून १९८३ मध्ये 'एनएमईए ०१८३' हे प्रमाण तयार झाले. त्यातील बहुतेक वाक्ये डॉलरच्या चिन्हाने सुरू होतात. वेग सेकंदाला ४८०० बिट. एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४८० अक्षरे. एकाच तारेवर एकाने बोलायचे व इतरांनी ऐकायचे. नंतरच्या 'एनएमईए २०००' चा वेग २,५०,००० बिट आहे आणि तेथे सर्व यंत्रे एकाच तारेवर आळीपाळीने बोलतात. जुन्या सुकाणूला ही भाषा कळत नाही. मध्ये दुभाषा बसवावा लागतो.

एकाच भाषेतही घोटाळा होतो. ०१८३ च्या स्थानविषयक वाक्यांत स्थान ग्राह्य असेल तर 'ए' आणि नसेल तर 'व्ही' हे अक्षर येते. जून १९९५ मध्ये बर्म्युडाहून बोस्टनला निघालेल्या 'रॉयल मॅजेस्टी' या प्रवासी जहाजावर जीपीएसच्या अँटेनाची तार थोड्याच वेळात निसटली. संच वेग व दिशा यांवरून अंदाजे स्थान काढू लागला आणि ते ग्राह्य नसल्याची खूणही पाठवत राहिला. स्वयंचलित सुकाणू ती खूण वाचतच नव्हते! वारा व प्रवाह जहाजाला बाजूला ढकलत होते. सुमारे ३४ तासांनी ते नॅन्टकेटजवळच्या उथळ वाळूत रुतले, ठरल्या मार्गापासून तब्बल १७ मैल दूर. जहाजावर १५०९ माणसे होती. कोणाला इजा झाली नाही. त्याच जहाजावर लोरान-सी चा संचही चालू होता. दोन्ही यंत्रांचे आकडे ताडून पाहिले असते तर फरक लगेच दिसला असता.

जुना जीपीएस संच चालतो म्हणून तोच ठेवावा, तर तेथे वेगळी अडचण आहे. उपग्रह आठवड्याचा क्रमांक दहा द्विमान अंकांत सांगतो. म्हणजे ० ते १०२३, आणि मग पुन्हा शून्य. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. १०२४ आठवडे म्हणजे ७१६८ दिवस, सुमारे १९.६ वर्षे. पहिला फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये संपला, दुसरा ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री. फेरा ओळखण्याची सोय नसलेला संच स्थान बरोबर दाखवू शकतो, पण तारीख वीसेक वर्षे मागची सांगतो. त्याच तारखेवरून तो भरती-ओहोटीच्या वेळा काढत असेल तर खाडीच्या मुखाशी बोट रुतायला तेवढे पुरे. तिसरा फेरा नोव्हेंबर २०३८ मध्ये संपेल. उपग्रहांच्या नव्या संदेशात आठवड्यासाठी १३ अंक आहेत. तो वाचणाऱ्या संचाला हा फेरा सुमारे १५७ वर्षांचा पडतो.