फद्या, अशरफी आणि रुपया

वसईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्याचा इतिहास सांगताना आपण किल्ले, चर्च आणि लढाया यांचे स्मरण करतो; नाण्यांचे क्वचितच करतो. वास्तविक राज्य कोणाचे, हे सामान्य रयतेला कळत असे ते हातातल्या नाण्यावरून. एका नाण्याचे दुसऱ्या नाण्यात काय मोल होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ सराफांचा नव्हे, तर आपल्या पूर्वजांच्या भाकरीचा आहे.

आपल्या भूभागाचे स्थानच असे की येथे दोन चलने एकमेकांना भिडली. १५३४ मध्ये वसई आणि १५५९ मध्ये दमण पोर्तुगीजांच्या हाती आले. तारापूर, केळवे-माहीम, डहाणू हा पट्टा दमणच्या कारभाराखाली गेला. दक्षिणेकडून गोव्याचे नाणे आले. उत्तरेला अकबराने १५७३ पर्यंत गुजरात जिंकले आणि सुरतेच्या पेठेत मोगली रुपया रुजला. तारापूरसारखी बंदरे या दोहोंच्या मध्ये होती.

आरंभीचा हिशेब मात्र तिसऱ्याच चलनात होता. १५५४ मध्ये आंतोनियु नुनिश या पोर्तुगीज अधिकाऱ्याने वजने, मापे व नाणी यांची नोंद केली. तीत या किनाऱ्यावरचे 'फेदेआ' हे मोजमाप आढळते. मराठीत तोच फद्या. ४ फद्यांचा एक टांगा आणि २० फद्यांचा एक पारदांव. रोकडीबरोबर धान्यही चाले. वसईचा भाताचा मुडा ३ खंडींचा. सडल्यावर त्यातून दीड खंडीहून थोडा अधिक तांदूळ निघे, अशी बारीक नोंदही नुनिशने ठेवली आहे. भात, मुडा, खंडी हे आपलेच शब्द पोर्तुगीज दप्तरात जाऊन बसले, ते करवसुलीच्या वाटेने.

गोव्याच्या टांकसाळीने पाडलेल्या नाण्यांवर संतांच्या प्रतिमा होत्या. गव्हर्नर गार्सिया द सा याच्या १५४८-४९ च्या कारकिर्दीत संत थॉमसची प्रतिमा असलेले सोन्याचे नाणे निघाले. पुढे चांदीच्या अशरफीवर, म्हणजे पोर्तुगीजांच्या 'शेराफी'वर, संत सेबास्तियन आणि त्याचे बाण आले. पण प्रतिमा पवित्र म्हणून चांदी शुद्ध असतेच असे नाही. १५८३ मध्ये गोव्यात आलेला डच प्रवासी लिन्सखोटेन या अशरफीच्या हिणकस धातूचा स्पष्ट उल्लेख करतो. तिची किंमत ३०० रैस, म्हणजे ५ टांगे. पण टांगाही दोन प्रकारचा होता. 'चांगले' ४ टांगे म्हणजे 'वाईट' ५ टांगे. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर बसणारे सराफ नाणे पारखून खरे-खोटे सांगत.

हा फरक किरकोळ वाटेल. तो तसा नव्हता. ज्याला १०० चांगले टांगे देणे आहे आणि ज्याच्या गाठीला १०० वाईट टांगे आहेत, त्याचे देणे ८० टांग्यांपुरतेच फिटे. उरलेले २० आणायचे कोठून? बाजारात मासळी वा भाजी विकणाऱ्याच्या पदरी हलके नाणेच पडण्याचा संभव अधिक.

मुंबई इंग्रजांकडे गेल्यावरही अशरफी लगेच हटली नाही. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने १६७२ मध्ये मुंबईच्या जमीनदारांशी केलेल्या करारात वार्षिक २०,००० अशरफ्या ठरल्या. भाव १३ अशरफ्यांस साडेबावीस शिलिंग, म्हणजे एका अशरफीस सुमारे पावणेदोन शिलिंग.

जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूर घेतले. बाजी भिवराव रेठरेकर तेथेच पडले. मे महिन्यात वसई पडली आणि रुपया या भागाचा धनी झाला. तोही एक नव्हता. टांकसाळीगणिक रुपये निराळे. झिजलेल्याला बट्टा, म्हणजे वजावट. फद्याही टिकला, पण उतरून. १८१३ मध्ये छापलेल्या मिलबर्नच्या ग्रंथात तो तांब्याचे नाणे आहे आणि एका रुपयाला ५० मिळतात. अखेर १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेनचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा, एकच कंपनी रुपया ठरला.

दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले. त्यांचा जुना रुपिया ६०० रैसचा, म्हणजे २ अशरफ्यांचा किंवा १० टांग्यांचा होता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर त्यांनी ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचा, १६ टांग्यांचा रुपिया स्वीकारला. टांगा ६० रैसचाच राहिला, पण रुपयाला १० ऐवजी १६ टांगे पडू लागले. नाव तेच, मोल निराळे! १९५८ मध्ये एका रुपियाचे ६ एस्कुदो झाले आणि डिसेंबर १९६१ मध्ये दमण मुक्त झाल्यावर हे पर्वही संपले.

या साऱ्याचे आज प्रयोजन काय? एखाद्या जुन्या खरेदीखतात वा देणगीच्या नोंदीत '५० अशरफ्या' असे वाचले की आपण चटकन पूर्वजांना श्रीमंत वा कंजूष ठरवून मोकळे होतो. अशरफी कोणत्या सालची, कोठली आणि तिचे टांगे चांगले की वाईट, हे पाहिल्यावाचून तो निवाडा देता येत नाही. एका फद्याच्या देणगीलाही १५५४ मध्ये पाव टांग्याचे मोल होते. १८१३ मध्ये तोच शब्द केवळ तांब्याचे नाणे दाखवतो.

'नावाला बट्टा लागला' असे आपण आजही म्हणतो. नाण्याचा बट्टा मात्र राज्यकर्ता आणि सराफ ठरवीत; तो सोसावा लागे ज्याच्या हाती ते नाणे शेवटी उरे त्याला. किल्ल्यांच्या भिंतींवर ही माणसे कोरलेली नाहीत. ती जुन्या वह्यांतील आकड्यांत आहेत. ते आकडे नीट वाचणे, हे आपले त्यांच्याप्रतीचे देणे आहे.